बंदुकीचे तोंड कुणाकडे? शेतराखणीला आणि पारधीला जाणाऱ्यांसाठी

कोकणात भात पोटरीवर आले की रानडुकरांचा त्रास सुरू होतो. एका रात्रीत कळप शेत उकरून, लोळून सपाट करतो. मग राखण सुरू होते. ज्याच्याकडे पीक संरक्षणाचा परवाना असतो तो बंदूक घेऊन जातो, आणि सहसा एकटा जात नाही. भाऊ, शेजारी, बॅटरी धरायला एखादा मुलगा, एखादे कुत्रे असे सगळे बरोबर असतात. अशा रात्री कुणाला बार लागलाच, तर तो बहुधा सोबतच्याच माणसाला लागतो आणि बंदूकही ओळखीच्याच माणसाच्या हातात असते. म्हणून सोबत माणसे असताना बंदूक कशी धरावी, कशी न्यावी, आणि दुर्दैवाने कुणाला लागलेच तर पहिल्या अर्ध्या तासात काय करावे, हे या लेखात सांगितले आहे.

त्याआधी कायद्याबद्दल थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हौसेची शिकार हा गुन्हा आहे. पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारायचे असेल तर कलम ११ खाली वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. बंदुकीचा परवाना वेगळा. तो शस्त्र कायदा, १९५९ खाली मिळतो. पिकाच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख त्या कायद्यातच आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पण पुढची माहिती परवाना असलेल्याला आणि नसलेल्याला सारखीच लागू आहे. छर्रा कागदपत्रे बघत नाही.

नळीच्या तोंडावर एवढा भर का?

भरलेली बंदूक आणि माणसाचे शरीर यांच्यामध्ये चार गोष्टी उभ्या असतात. बंदूक रिकामी आहे की भरलेली याची खात्री, खटका म्हणजे सेफ्टी, चापापासून दूर ठेवलेले बोट, आणि नळीची दिशा.

पहिल्या तीन गोष्टी फसव्या आहेत. ‘रिकामी आहे’ असे वाटणे आणि रिकामी असणे यांत फरक आहे. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक दोन महिन्यांनी परत येते, घरात दोघे-तिघे ती हाताळतात, आणि शेवटी कुणी भरली व कुणी काढली हे कुणालाच नक्की आठवत नाही. खटका हा यंत्राचा भाग आहे, तो झिजतो. ठासणीच्या बंदुकीला तर बहुधा खटकाच नसतो. घोडा अर्धा चढवून ठेवणे एवढीच तिची सेफ्टी, आणि जुन्या बंदुकीत ती खाच गुळगुळीत झालेली असते. बोट कुठे आहे ते अंधारात शेजाऱ्याला दिसत नाही.

चौथी गोष्ट मात्र सगळ्यांना दिसते. नळीचे तोंड कुठे आहे हे धरणाऱ्याला कळते आणि बाजूच्यालाही कळते. शिवाय बाकीच्या तिन्ही गोष्टी एकाच वेळी चुकल्या तरी दिशा बरोबर असेल तर बार मातीत जातो. कानठळ्या बसतात, छाती धडधडते, पण सगळे घरी परत येतात. म्हणून शिकवताना मी खटक्यापेक्षा दिशेवर जास्त वेळ घालवीन. ‘सेफ्टी लावली आहे’ असे म्हणत नळी दुसऱ्याच्या पोटाकडे धरणारा माणूस मला जास्त धोकादायक वाटतो.

सवय लावायला एक सोपी युक्ती आहे. नळीच्या तोंडातून सरळ पुढे एक लांबच लांब बांबू निघालेला आहे अशी कल्पना करा. तुम्ही वळलात की तो बांबूही फिरणार. तो कुणाच्याही अंगाला, अगदी क्षणभरही, लागता कामा नये. तुमच्या स्वतःच्या पायालाही नाही. मागे वळून ‘काय रे?’ विचारताना आपण पूर्ण अंगाने वळतो आणि बांबू सगळ्यांच्या अंगावरून फिरतो. मान वळवा, बंदूक नको.

हात आपले ऐकत नाहीत तेव्हा

‘चाप आपोआप कसा ओढला जाईल?’ असे विचारले जाते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने याचे उत्तर सरळ आहे. रॉजर एनोका या अमेरिकी अभ्यासकाने नकळत बार उडण्याची तीन शारीरिक कारणे मांडली आहेत. एक, एका हाताने काही घट्ट धरले की दुसऱ्या हाताची बोटेही नकळत आवळली जातात. डाव्या हाताने फांदी पकडली की उजव्या हाताची मूठही घट्ट होते. दोन, पाय घसरला की तोल सावरताना हात आपोआप मूठ वळतात. तीन, दचकलो की हाताचे स्नायू आकसतात. हे सगळे विचार करण्याआधी घडते. बारा बोअरच्या बंदुकीचा चाप ओढायला साधारण दीड ते अडीच किलो जोर लागतो. दचकलेल्या मुठीत याच्या कितीतरी पट जोर असतो.

आता राखणीची रात्र डोळ्यांपुढे आणा. ओला बांध, शेवाळलेला कातळ, हातात फांदी, आणि झुडपातून अचानक फुरफुर करत निघालेले डुक्कर. तिन्ही कारणे एकाच ठिकाणी हजर. अनुभवी माणसालाही ही प्रतिक्षिप्त क्रिया थांबवता येत नाही. ती थांबत नाही, म्हणूनच बोट चापाच्या कडीबाहेर, नळीच्या बाजूला सरळ ठेवायचे आणि तोंड सुरक्षित दिशेला ठेवायचे. ‘मी वीस वर्षे बंदूक वापरतो’ हे त्यावरचे उत्तर नाही.

वाटेने जाताना

पाणंदीतून किंवा बांधावरून माणसे एकामागे एक चालतात. अशा ओळीत एकच बंदूक भरलेली असावी आणि ती सर्वांत पुढच्याकडे असावी, तोंड पुढे आणि खाली जमिनीकडे, पण पायांपासून दूर. मागच्यांच्या बंदुका रिकाम्या असाव्यात. खांद्यावर आडवी बंदूक टाकून चालणे दिसायला ऐटदार असते, पण तिचे तोंड मागच्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर येते. बॅटरी धरणारा नेहमी बंदूकवाल्याच्या खांद्यामागे असावा. ‘जरा पुढे जाऊन उजेड मार’ असे सांगू नये. तो तोंडाच्या अगदी बाजूला उभा राहिला तरी नुकसान होते. बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, आणि एवढा आवाज एकदाच ऐकूनही कानाची कायमची हानी होऊ शकते.

काडतुसाची बंदूक असेल तर बिजागरीवर नळी उघडून हातावर टाकावी. उघडी बंदूक उडू शकत नाही आणि ते दुरूनही दिसते, हा तिचा मोठा फायदा. ठासणीच्या बंदुकीचे तसे नाही. ती एकदा ठासली की रिकामी करणे अवघड. म्हणून जागेवर पोचून बसेपर्यंत टोपी चढवू नका, आणि टोपी काढलेली असली तरी ती भरलेलीच आहे असे समजून वागा.

गडगा ओलांडताना, वहाळ पार करताना, माळ्यावर चढताना बंदूक हातात घेऊन उडी मारायची नाही. आधी रिकामी करा किंवा टोपी काढा. मग एकाने दोन्ही बंदुका धरायच्या, दुसऱ्याने ओलांडायचे, आणि मग तोंड बाजूला ठेवून त्या पलीकडे द्यायच्या. एकटे असाल तर बंदूक गडग्याखालून, तोंड स्वतःपासून दूर ठेवून, आधी पलीकडे सरकवा. माळ्यावर बंदूक ओढून घेताना दोरी अशी बांधा की तोंड खाली राहील, आणि खाली कुणी उभे नसेल. नळीचे तोंड धरून बंदूक स्वतःकडे ओढू नये. चापात काटकी अडकली की बार थेट छातीत.

झाडाला टेकवून ठेवलेली बंदूक कुत्र्याच्या धक्क्यानेही पडते. ती आडवी ठेवावी. तोंडात चिखल गेला आहे का हे बघायला आत डोकावू नये. आधी रिकामी करावी. चिखलाने बुजलेली नळी बार उडताना फुटते आणि धरणाऱ्याची बोटे जातात.

बार उडाला नाही तर

टोपी फुटली पण बार झाला नाही, असे पावसाळ्यात अनेकदा होते. दारू ओलसर असते, ठिणगी आत धुमसत राहते आणि काही क्षणांनी बार उडतो. म्हणून बंदूक खांद्यावर, तोंड लक्ष्याच्या दिशेलाच ठेवून किमान एक मिनिट थांबा. नळीत फुंकर मारू नका. लगेच गज घालू नका. ठासतानाही चेहरा आणि छाती तोंडाच्या रेषेत आणू नका. दारूची उघडी डबी आणि पेटलेली विडी एकत्र नको, हे तर लिहायलाही नको, पण लिहावे लागते.

‘डुक्कर समजून’

वर्तमानपत्रात ही दोन शब्दांची ओळ आपण वाचलेली असते. त्यामागे काय घडते हे समजून घेतले पाहिजे. तासन्‌तास वाट बघितल्यावर सावज आल्याची चाहूल लागते तेव्हा शरीरात अॅड्रेनॅलिन उसळते. नाडी वाढते, नजर अरुंद होते, बाजूचे आवाज ऐकू येईनासे होतात. मेंदू ज्याची वाट पाहत असतो तेच त्याला दिसते. झुडूप हलले म्हणजे डुक्कर, दोन चमकणारे ठिपके म्हणजे डोळे. लघवीला गेलेला किंवा जागा बदललेला सोबती त्या क्षणी त्याच्या हिशेबातच नसतो.

त्यामुळे आवाजावर, हालचालीवर किंवा नुसत्या चमकेवर बार टाकायचा नाही. जनावर पूर्ण दिसले पाहिजे आणि त्याच्या मागे काय आहे तेही दिसले पाहिजे. मोठे छर्रे अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब जाऊ शकतात. कातळावर किंवा चिऱ्याच्या गडग्यावर आपटलेला छर्रा कोणत्याही दिशेने उसळतो. माळ्यावरून खाली मातीत मारलेला बार त्या मानाने बरा, कारण मागे जमीन असते. बॅटरी बंदुकीला बांधलेली असेल तर आणखी एक धोका असतो. ‘तिकडे कोण आहे’ हे बघण्यासाठीसुद्धा नळीच रोखली जाते. बघायची बॅटरी वेगळी, डोक्यावर किंवा हातात असावी.

बसण्याच्या जागा संध्याकाळी उजेडात ठरवा. कोण कुठे बसणार आणि कुणी कोणत्या दिशेलाच बार टाकायचा, हे तेव्हाच बोलून घ्या. हाक मारून उत्तर मिळाल्याशिवाय कुणीही जागा सोडू नये. रान उठवणारे हाकारे समोरून येत असतील तर ते जवळ आल्यावर त्यांच्या दिशेला बार पूर्ण बंद. अंगावर केशरी कपडा आणि पाठीला उजेडात चमकणारी पट्टी असावी. जनावर बुजेल ही भीती नको. हरणे आणि डुकरे यांना केशरी रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही. अमेरिकेत राहणारे मराठी वाचक मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जात असतील, तर तिथे बहुतेक राज्यांत बंदुकीच्या मोसमात केशरी कपडा सक्तीचा आहे आणि परवान्याआधी सुरक्षिततेचे शिक्षण घ्यावे लागते. ते मनापासून घ्या.

ओळीतला माणूस जागा सोडतो तेव्हा काय होते, याचे जगभर गाजलेले उदाहरण तिथलेच आहे. ११ फेब्रुवारी २००६ रोजी टेक्सासमध्ये लाव्यांच्या शिकारीत तेव्हाचे अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या बंदुकीचे छर्रे त्यांचे सोबती हॅरी व्हिटिंग्टन यांना लागले. व्हिटिंग्टन पडलेला पक्षी शोधायला मागे थांबले होते. ते परत येत असताना चेनी उडणाऱ्या पक्ष्यामागे नळी फिरवत वळले. अंतर सुमारे ३० यार्ड. दिवस होता, माणसे अनुभवी होती, व्हिटिंग्टन यांच्या अंगावर केशरी कपडाही होता. उडत्या सावजामागे नळी फिरू लागली की डोळ्यांना फक्त सावज दिसते.

या घटनेतून डॉक्टरांना शिकण्यासारखे पुढे घडले. बारीक छऱ्यांच्या त्या जखमा सुरुवातीला फार गंभीर वाटल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी एक छर्रा हृदयापर्यंत पोचल्याचे आढळले, ठोके अनियमित झाले, आणि ७८ वर्षांच्या त्या गृहस्थांना हृदयविकाराचा सौम्य झटका आला. ते वाचले. पण भोक लहान आहे म्हणून जखम लहान आहे असे कधीही समजू नका.

लागलेच तर

सर्वांत आधी सगळ्या बंदुका रिकाम्या करून बाजूला ठेवा. घाबरलेल्या माणसांच्या हातांत भरलेल्या बंदुका म्हणजे दुसऱ्या अपघाताची तयारी. एकाने लगेच १०८ ला फोन करावा. रेंज नसेल तर एकाने सड्यावर जावे, पण जखमीजवळ कुणीतरी राहिलेच पाहिजे.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातले दोन लिटर गेले की जीव धोक्यात येतो, आणि मांडीची मोठी धमनी फाटली तर हे काही मिनिटांत घडते. म्हणून रक्त थांबवणे हे पहिले काम. कपडे फाडून जखम उघडी करा, पाठीमागेही भोक आहे का बघा. स्वच्छ कापड जखमेत दाबून भरा आणि दोन्ही तळहातांनी, शरीराचे वजन टाकून दाबा. दर मिनिटाला उचलून ‘थांबले का’ बघू नका. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवा.

हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबून थांबत नसेल तर आवळपट्टी बांधा. सुती दोरी किंवा तार नको, ती मांस कापते. पंचा किंवा ओढणीची तीन बोटे रुंद घडी जखमेच्या वर चार बोटांवर, सांधा सोडून बांधा. गाठीत काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा आणि काठी बांधून ठेवा. ही पट्टी दुखते. दुखते म्हणून सैल करू नका. बांधल्याची वेळ लिहून ठेवा. मध्येच सोडली तर गोठू लागलेले रक्त पुन्हा वाहते. ती सोडायचे काम डॉक्टरांचे.

पोट, छाती, मान यांवर आवळपट्टी चालत नाही. पोटातून आतडे बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या कापडाने झाका. छातीच्या जखमेतून हवा जात-येत असेल तर प्लॅस्टिक लावून ती घट्ट बंद करू नका, आत हवा कोंडून फुप्फुस दबते. शुद्धीवर असेल तर त्याला अर्धवट बसवा. बेशुद्ध असेल तर जखमी बाजू खाली ठेवून कुशीवर वळवा. डोळ्याला लागले असेल तर अजिबात दाबू नका, वरून कागदी कप ठेवून चिकटपट्टी लावा.

हळद, चहापूड, चुना, राख यातले काहीही जखमेत घालू नका. छर्रे चिमट्याने काढू नका. पाणी, चहा किंवा ‘धीर यावा म्हणून’ दारू पाजू नका. बहुधा लगेच भूल द्यावी लागणार असते. अंगावर घोंगडी घाला. गार पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही.

रुग्णालयात खरे सांगा

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. परवानगी नसते, कधी परवानाही नसतो. मग सोबतचे घाबरतात. जखमीला रानातच ठेवून ‘काय सांगायचे’ यावर खल होतो, किंवा रुग्णालयात ‘खुंटावर पडला’ असे सांगितले जाते. यात वेळ जातो आणि उपचार चुकीच्या दिशेने सुरू होतात. खुंटाची जखम एका जागी असते. छर्रे पोट, छाती, मान असे कुठेही पसरलेले असू शकतात.

पोलिसांना कळवणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे आणि ते कळवणारच. पण त्यासाठी उपचार थांबत नाहीत. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आधी जीव वाचवायचा, कायदेशीर सोपस्कार नंतर. हा नियम सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांना लागू आहे. लागले हा अपघात होता. उपचाराविना ठेवले तर ते वेगळेच प्रकरण होते.

डॉक्टरांना चार गोष्टी सांगा. बंदूक ठासणीची की काडतुसाची, किती अंतरावरून लागले, किती वाजता, आणि आत काय भरले होते. अगदी जवळून लागलेल्या बाराबरोबर काडतुसातला बुच्चा किंवा ठासलेला काथ्या, चिंधी, कागदही जखमेत शिरतो. तो एक्स-रेमध्ये दिसत नाही, आणि आत राहिला तर धनुर्वात किंवा मांस सडवणारा जंतुसंसर्ग होतो. आधी माहिती असेल तर सर्जन तो शोधून काढतात. धनुर्वाताची लस मागे कधी घेतली होती तेही सांगा.

राखणीत बंदूक बहुधा घरातल्या वडीलधाऱ्याच्या हातात असते, आणि धाकट्याला बोलायला संकोच वाटतो. वयाचा मान ठेवूनही सांगता येते: ‘तात्या, नळी जरा पलीकडे धरा.’ तात्यांनीही त्यात अपमान मानू नये. अंगावर नळी येताना जो गप्प राहतो त्यालाच ती लागण्याची शक्यता असते.

आत राहिलेले छर्रे

सगळे छर्रे काढले जात नाहीत. स्नायूत खोल रुतलेला छर्रा शोधताना जास्त नुकसान होते, म्हणून सर्जन तो मुद्दाम सोडतात. त्याभोवती शरीर आवरण तयार करते. सांध्यात राहिलेला शिशाचा छर्रा मात्र सांध्यातल्या द्रवात हळूहळू विरघळतो आणि रक्तात शिसे उतरते. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी पोटात कळा येणे, रक्त कमी होणे, हातापायात अशक्तपणा अशी लक्षणे दिसली तर जुन्या जखमेची आठवण डॉक्टरांना करून द्या. रक्तातले शिसे तपासता येते. आणि एमआरआय करायची वेळ आली तर आधीच सांगा. शिसे चुंबकाने ओढले जात नाही, पण ठासणीच्या बंदुकीत लोखंडाचे तुकडे आणि सायकलच्या छऱ्याही भरल्या जातात, त्या ओढल्या जातात. अशा वेळी तंत्रज्ञ पूर्वीचे एक्स-रे मागतील, म्हणून ते फेकून देऊ नका.